व्हिक्टोरिया, विजेवरील

व्हिक्टोरिया, विजेवरील : मुंबई या राजधानीच्या दक्षिण भागातील ऐतिहासिक वास्तू आणि समुद्रकिनारा सावकाश हिंडून पाहण्याकरिता उपयोगात आणलेली, जुन्या घोडागाडीच्या घाटाची आणि घोड्याऐवजी बॅटरीवर चालणारी चारचाकी गाडी. या गाड्यांचा प्रारंभ मार्च २०२१ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते झाला. ज्या यंत्रमागांच्या भिवंडीतील वाचकांसाठी ही नोंद आहे, तेथून ही राजधानी तशी दूर नाही. परंतु भिवंडी रोड हे स्थानक वसई–दिवा मार्गावर पडत असल्याने, मुंबई पाहावयास निघालेल्या भिवंडीकरास बहुधा रिक्षाने वा बसने ठाणे अथवा कल्याण गाठून तेथून लोकल धरावी लागते.

राणी व्हिक्टोरिया हिच्या नावाने ओळखली जाणारी मूळ बग्गी एकोणिसाव्या शतकातील. बेताच्या उंचीवरील दोन माणसांची गादी, तिच्यामागे मिटवून ठेवता येणारा टप, आणि पुढे, उतारूंपेक्षा उंच बैठकीवर लगाम धरून बसलेला कोचमन, अशी तिची रचना असे. पाऊस आला म्हणजे टप पुढे ओढावा आणि उन्हे उतरली म्हणजे तो मागे टाकावा, ही सोय हवा खाण्यास निघालेल्या माणसास फार मानवली. पुढे टॅक्सी आणि बस आल्या, रोजच्या प्रवासाकरिता बग्गीची गरज उरली नाही, आणि जी गाडी एके काळी बाजारहाटास व कचेरीस नेत असे ती केवळ हौसेची होऊन गेटवे आणि मरीन ड्राइव्ह यांच्या परिसरात राहिली. १९७२ साली पडद्यावर आलेल्या ‘व्हिक्टोरिया नंबर २०३’ या हिंदी चित्रपटामुळे तिचे नाव मुंबई न पाहिलेल्यांनाही ठाऊक झाले.

या हौसेचे मोल घोडा देत होता. उन्हाने तापलेल्या डांबरावर नाल घसरत असता, दोन्ही डोळ्यांना झापडे लावून, मोटारींच्या कर्ण्यांमध्ये मध्यरात्रीपर्यंत उभे राहणे हे ज्या प्राण्याच्या नशिबी आले त्याची बाजू घेऊन प्राणिमित्रांनी दाद मागितली, आणि जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केवळ मौजेखातर घोडागाड्या चालविणे बेकायदा ठरवून त्या बंद करण्यास एक वर्षाची मुदत दिली. त्याबरोबरच या धंद्यावर पोट भरणाऱ्यांच्या पुनर्वसनाची योजना आखण्याचा हुकूमही शासनास केला. निवाडा न्याय्य होता. विजेची व्हिक्टोरिया ही त्यानंतर निघालेली एक वाट होय.

घोड्याच्या जागी वीज येण्याचा मुंबईतील हा पहिला प्रसंग नव्हे. ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी या मार्गावर सुरू झालेली ट्राम घोडे ओढीत असत. ७ मे १९०७ पासून ट्राम विजेवर धावू लागली आणि ३१ मार्च १९६४ रोजी ती कायमची थांबली. ट्रामला रूळ आणि डोक्यावर तार लागे, तर बॅटरीची गाडी आपली वीज आपल्यापाशी बाळगते. ती उभी असता तिची मोटारही स्तब्ध असते, त्यामुळे प्रत्येक इमारतीपुढे थांबत जाणाऱ्या फेरीस ती विशेष सोयीची पडते.

वीज आली म्हणजे काय घडते, हे भिवंडीच्या वाचकास निराळे सांगण्याची गरज नाही. हातमागावर पायाने पावड्या दाबीत आणि हाताने धोटा फेकीत बसणारा विणकर यंत्रमागावर उभा राहिला. त्याच्या अंगचे कष्ट हलके झाले, परंतु एका मागाऐवजी चार-सहा मागांवर नजर ठेवण्याचे काम त्याच्याकडे आले, आणि घरी बसून कांड्या भरणाऱ्या बायकांचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही. व्हिक्टोरियाचेही असेच आहे. कोचमनास सुकाणूचक्र हाती धरता येईल व तो चालक म्हणून राहील. परंतु पहाटे तबेल्यात खरारा करणारा मोतद्दार, खूर हातात घेऊन त्यावर नाल ठोकणारा नालबंद, तोबऱ्यात चणे भरणारा पोरगा आणि गवताच्या पेंढ्या पुरविणारा व्यापारी, यांच्याकरिता बॅटरीच्या गाडीत जागा नाही. परवाना ज्याच्या नावावर होता त्याचे पुनर्वसन सरकारदप्तरी दिसते. मोतद्दाराचे नाव परवान्यावर नसे. घोड्याला सोडविण्याइतकीच ही माणसे मोजण्याची तातडी असावयास हवी होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उघड्या गाडीतून पाहण्याचे महत्त्व मुंबईच्या बाबतीत विशेष आहे, कारण या नगरीचे उत्तम कोरीवकाम उंचावर आहे. कंपनी सरकारने १६८७ मध्ये आपले पश्चिमेकडील ठाणे सुरतेहून येथे हलविले, पुढे हे शहर मुंबई इलाख्याची आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र राज्याची राजधानी झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारलेल्या गॉथिक शैलीच्या इमारती टॅक्सीच्या खिडकीतून केवळ जोत्यापर्यंत दिसतात. प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या मातोश्रींच्या नावे देणगी दिलेला आणि १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई मनोरा २८० फूट उंच असून, पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातिजमातींच्या माणसांचे पुतळे त्यावर बसविलेले आहेत. ओव्हल मैदानाच्या कडेने गाडी सावकाश नेऊन मान मागे टाकली म्हणजे ती दगडी माणसे दिसू लागतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरील मोर, माकडे आणि पानाफुलांची नक्षी जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातची आहे. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेल्या या स्थानकाला २००४ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, पण कल्याणच्या लोकलमधून तेथे उतरणारा माणूस इमारतीच्या पोटातूनच बाहेर पडत असल्याने ती नक्षी त्याच्या दृष्टीस क्वचितच पडते. काळा घोडा चौकातील सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये हलविण्यात आला व पुढे राणीच्या बागेत गेला. २०१७ मध्ये त्या भागात स्वाराविना घोड्याचा नवा पुतळा बसविण्यात आला, त्याच्या शेजारून आता घोड्याविना बग्गी जाऊ शकते. ‘निलांबरी’ या खुल्या छताच्या दुमजली बसच्या वरच्या मजल्यावरूनही हे सारे दिसे; ती ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली.

फेरीस दिवस कलल्यावर निघावे. जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेले आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी खुले झालेले गेटवे ऑफ इंडिया उतरत्या उन्हात पाहून, दिवे लागण्याच्या सुमारास मरीन ड्राइव्हवर यावे. तेथे एका बाजूस आर्ट डेको शैलीच्या गोल सज्जांच्या इमारती आहेत. ओव्हलभोवतालच्या गॉथिक इमारतींसह त्या २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. दुसऱ्या बाजूस सिमेंटच्या चौपायी ठोकळ्यांवर समुद्र आपटत असतो. नालांचा टपटप आवाज आणि घुंगरांची किणकिण या गाडीत नाही, म्हणून पुष्कळांना चुकल्यासारखे होते. परंतु यंत्रमागाच्या खडखडाटात दिवस आणि रात्रपाळी काढणाऱ्या माणसाने, भरतीच्या वेळी, कडेला घेतलेल्या या गाडीत बसून पाहावे: लाट ठोकळ्यांच्या फटींत शिरते तेव्हाचा धपकारा आणि ती परतताना दगडांतून ओघळणाऱ्या पाण्याचा बारीक आवाज, हे दोन्ही त्याला वेगवेगळे ऐकू येतात.