रॅकेटची तात

क्रीडासाहित्याच्या दुकानात तुटलेल्या तारांची रॅकेट घेऊन कोणी गेला की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "गटिंग कोणते करायचे?" विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघांच्याही मनात तेव्हा नायलॉन किंवा पॉलिएस्टर असते. 'गट' म्हणजे इंग्रजीत आतडे, ही गोष्ट त्या क्षणी कोणाच्याच ध्यानी नसते. वस्तू बदलली तरी नाव मागे उरते, त्याचे हे एक चांगले उदाहरण होय. या एका शब्दात टेनिसच्या रॅकेटचा बराचसा इतिहास साठवलेला आहे.

आतड्याची तार मराठी माणसाला अपरिचित नाही. पिंजाऱ्याच्या धनुकलीला लावलेली तात आतड्याचीच असे आणि सारंगीचा मुख्य सूर आजही तातीतूनच निघतो. युरोपातही हीच तात व्हायोलिनला होती, शल्यवैद्याच्या टाक्यांना होती आणि राजेरजवाड्यांच्या बंदिस्त अंगणांत चालणाऱ्या जुन्या टेनिसच्या रॅकेटलाही होती. हा खेळ प्रथम तळहाताने खेळत, पुढे हातमोजा आला, मग तातीने विणलेली रॅकेट आली. इटलीतील अंतोनियो स्काइनो या विद्वानाने 1555 मध्ये चेंडूच्या खेळांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा रॅकेट ही रुळलेली वस्तू झाली होती. इंग्रजीत अशा तातीला 'कॅटगट' म्हणतात, पण मांजराचा तिच्याशी काडीमात्र संबंध नाही. ती मेंढीच्या आतड्यापासून बनत असे, पुढे गाईबैलांच्या आतड्यापासून बनू लागली.

मेजर वॉल्टर क्लॉप्टन विंगफिल्ड याने 1874 मध्ये हिरवळीवरील टेनिसचे पेटंट घेतले आणि जाळे, चेंडू व रॅकेटी एका पेटीत घालून विकावयास काढल्या. जो खेळ अंगणाच्या चार भिंतींत कोंडलेला होता, तो रबरी चेंडूमुळे बागेत आला. 1877 मध्ये विम्बल्डनची पहिली स्पर्धा झाली. म्हणजे अवघ्या तीन वर्षांत तातीला एक नवे आणि मोठे गिऱ्हाईक मिळाले. फ्रान्समधील लिआँ शहरी तात वळण्याचा धंदा करणाऱ्या बाबोला या घराण्याने ही संधी अचूक हेरली. 1875 पासून हे घराणे रॅकेटच्या तातीशी जोडले गेले. 1925 मध्ये त्यांनी 'व्ही. एस.' या नावाची तात बाजारात आणली. तो काळ लाकोस्त, बोरोत्रा, कोशे व ब्रुन्यों या चार फ्रेंच 'शिलेदारां'चा. 1927 मध्ये त्यांनी अमेरिकेचा पराभव करून डेव्हिस करंडक फ्रान्सला नेला आणि 1932 पर्यंत तो हातचा सोडला नाही.

ही तात तयार करणे हे मोठे नाजूक काम आहे. जनावराचे आतडे ताजे असतानाच धुऊन, खरवडून साफ करावे लागते. त्याच्या वरच्या आवरणाच्या लांब पट्ट्या कापतात, त्या रसायनांच्या पाण्यातून काढतात आणि ओल्या असतानाच अनेक पट्ट्या एकत्र पिळून ताणावर वाळवतात. वाळलेली तात घासून गुळगुळीत करतात व तिच्यावर लेप चढवतात. एका रॅकेटला सुमारे बारा मीटर तात लागते, आणि तेवढ्यासाठी एका जनावराचे आतडे पुरत नाही. ती महाग का, याचे उत्तर येथेच मिळते. शिवाय दमट हवा तिची वैरीण. ओलाव्याने ती फुगते, तिचे धागे सुटतात आणि ऐन सामन्यात ती दगा देते. पावसाळ्यात कोकणात किंवा गोव्यात जिने रॅकेट उघडी ठेवली असेल, त्या हाताला हे निराळे सांगावयास नको.

मग इतकी लाडावलेली तात खेळाडूंनी शंभर वर्षे का सोडली नाही? चेंडू आणि तारा यांची भेट सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागाइतकीच टिकते. तेवढ्यात तारा मागे दबतात, चेंडू चेपतो आणि दोघेही पूर्ववत होऊ पाहतात. तारांत साठलेली बहुतेक ऊर्जा परत मिळते. चेपलेल्या चेंडूत गेलेल्या ऊर्जेचा मोठा हिस्सा मात्र उष्णतेच्या रूपाने वाया जातो. म्हणून तार जितकी लवचीक आणि सैल, तितका चेंडू कमी चेपतो आणि तितका वेगाने परत जातो. तार घट्ट ओढली की चेंडूचा वेग थोडा घटतो, पण त्याच्या दिशेवर हुकमत येते. पुष्कळ नवशिक्यांची समजूत नेमकी याच्या उलट असते. जोर हवा म्हणून ते तार घट्ट ओढावयास सांगतात आणि मग दुखऱ्या कोपराला बोल लावतात. आतड्याच्या तातीचा गुण हा की ती घट्ट ओढली तरी तिची लवचीकता जात नाही, आणि ओढलेला ताण ती इतर कोणत्याही तारेपेक्षा अधिक दिवस धरून ठेवते.

या गुणाचा कस स्वीडनच्या ब्यर्न बोर्गने पाहिला. 1976 ते 1980 अशी पाच वर्षे ओळीने विम्बल्डन जिंकणारा हा खेळाडू आपल्या लाकडी रॅकेटची तात सुमारे ऐंशी पौंड ताणाने ओढून घेई. आज सामान्य खेळाडू पन्नास ते साठ पौंडांत समाधान मानतो, यावरून कल्पना यावी. रात्री हॉटेलच्या खोलीत भिंतीशी ठेवलेल्या त्याच्या रॅकेटींच्या ताती आपोआप तुटत आणि त्या आवाजाने झोप मोडे.

दरम्यान तातीला प्रतिस्पर्धी निर्माण झाला होता. अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोथर्स या रसायनशास्त्रज्ञाने 1935 मध्ये नायलॉन तयार केले. 1938 मध्ये ते प्रथम दात घासण्याच्या ब्रशात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते रॅकेटीवर चांगलेच स्थिरावले. नायलॉन पाण्याला भीत नाही, स्वस्त पडते आणि टिकते. विजेते ताती लावून खेळत राहिले, पण शाळा-महाविद्यालयांतील आणि जिमखान्यांवरील खेळ वाढला तो नायलॉनच्या जोरावर. इतिहासात विजेत्यांची नावे राहतात, म्हणून या स्वस्त तारेचे ऋण सहसा कोणी मानीत नाही.

1977 साली मात्र तारेने साऱ्या टेनिसजगताला हादरा दिला. बव्हेरियातील वेर्नर फिशर या फुलझाडांच्या व्यावसायिकाने एक चमत्कारिक रॅकेट बनवली. तीत उभ्या तारांचे दोन थर होते, आडव्या तारांच्या पुढे एक आणि मागे एक. उभ्या-आडव्या तारा एकमेकींत गुंफलेल्या नव्हत्या. त्यांवर प्लॅस्टिकच्या नळ्या चढवलेल्या असल्याने लोक तिला 'स्पॅगेटी' रॅकेट म्हणू लागले. चेंडू लागताच उभ्या तारा बाजूला सरकत आणि उसळून जागेवर येत. त्यामुळे चेंडूला अशी काही फिरकी मिळे की तो कोठे व किती उसळेल याचा अंदाज लागेनासा झाला. त्या वर्षीच्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत माइक फिशबाक या अपरिचित खेळाडूने 1972 च्या विम्बल्डन विजेत्या स्टॅन स्मिथला अशाच रॅकेटने हरवले. रुमानियाचा इली नस्तासे पॅरिसला जॉर्ज गोव्हेनकडून तशाच रॅकेटपुढे हरला व संतापला. पण काही दिवसांतच, ऑक्टोबरमध्ये, एक्स-आँ-प्रोव्हाँसच्या अंतिम सामन्यात तो स्वतः तीच रॅकेट घेऊन उतरला! समोर होता अर्जेंटिनाचा गिलेर्मो व्हिलास. त्याने त्या वर्षी फ्रेंच आणि अमेरिकन अशा दोन्ही स्पर्धा जिंकल्या होत्या आणि मातीच्या मैदानावर तो ओळीने त्रेपन्न सामने अपराजित होता. दोन सेट गमावल्यावर व्हिलास वैतागून मैदान सोडून गेला.

आश्चर्य हे की या साऱ्यात नियमाचा भंग कोठेच नव्हता. शंभर वर्षे खेळ चालला होता, पण रॅकेट कशास म्हणावे हे नियमांत लिहिलेलेच नव्हते. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने ऑक्टोबरमध्येच त्या रॅकेटवर तात्पुरती बंदी घातली आणि 1978 मध्ये रॅकेटची पहिली व्याख्या केली. तारा सपाट असाव्यात, एकमेकींत आळीपाळीने गुंफलेल्या किंवा जेथे छेदतात तेथे जोडलेल्या असाव्यात, आणि त्यांची वीण सर्वत्र साधारण सारखी असावी, असे ठरले. फिशरच्या कल्पकतेला दाद दिली तरी हा निर्णय योग्यच होता असे म्हणावे लागते. हातातील कसबापेक्षा हातातील वस्तूने सामना जिंकावा, हे खेळाला मानवणारे नव्हते.

पण दार बंद केले तरी खिडकी उघडी राहिली. 1997 मध्ये पॅरिसला ब्राझीलचा गुस्ताव्हो कुएर्तेन, जागतिक क्रमवारीत सहासष्टावा, मानांकन नसलेला तरुण, मुस्टर, काफेल्निकोव्ह आणि ब्रुगेरा या तीन माजी विजेत्यांना हरवून फ्रेंच स्पर्धा जिंकून गेला. त्याच्या रॅकेटला लक्सिलॉन या बेल्जियन कंपनीची पॉलिएस्टरची तार होती. ही कंपनी स्त्रियांच्या अंतर्वस्त्रांत वापरावयाचे तंतू बनवीत असे. ही तार कडक आणि गुळगुळीत. खेळाडूने जीव तोडून फटका मारला तरी चेंडू मैदानाबाहेर जात नसे, खाली वळून आतच पडे. असे का होते हे पुढे अतिवेगवान चित्रणाने उलगडले. जपानमधील काावाझोए या संशोधकाच्या चित्रणात दिसले की गुळगुळीत उभ्या तारा आडव्या तारांवरून सरकतात आणि चेंडू सुटता सुटता झटक्याने जागी परत येऊन त्याला जादा फिरकी देतात. म्हणजे फिशरने दोन थर लावून जे साधले होते, तेच बरेचसे एका थरात, नियमाच्या चौकटीत साधले गेले. वीण गुंफलेली होती, सपाट होती. नियमाला बोट ठेवावयास जागा नव्हती.

त्यानंतर टेनिसचा चेहरा पालटला. जाळ्याजवळ येऊन खेळणारा खेळाडू दुर्मीळ झाला, कारण पायाशी बुडणारे चेंडू त्याला पार करून जाऊ लागले. या लाभाची किंमत मात्र हात भरतो. पॉलिएस्टर कडक असल्याने फटक्याचा हादरा मनगट-कोपरापर्यंत पोचतो. शिवाय तिचा ताण लवकर उतरतो, आणि न तुटलेली म्हणून तीच तार महिनोन्‌महिने वापरली जाते. मोठे खेळाडू सामन्यागणिक नवी तार ओढून घेतात. बारा वर्षांच्या मुलाच्या रॅकेटवर तीच तार वर्षभर राहिली, तर ते त्याच्या हाताशी वैर होय. ज्याच्या फटक्याने तारा वरचेवर तुटत नाहीत, त्याला पॉलिएस्टरची गरजच नसते. त्याने अनेक सूक्ष्म धाग्यांचे मऊ नायलॉन निवडावे, आणि कोपर दुखत असेल तर ताण चार-पाच पौंड उतरवून पाहावा.

आणि आतड्याची तात? ती गेली असे वाटले, तोच तिला जोडीदारीण मिळाली. रॉजर फेडररने 2022 मध्ये निवृत्त होईपर्यंत, कारकिर्दीचा बहुतेक काळ, उभ्या तारा आतड्याच्या आणि आडव्या पॉलिएस्टरच्या अशी जोडणी वापरली. उभी तात लवचीकता देई आणि आडवी गुळगुळीत तार तिला सरकू देई. सेरेना विल्यम्स आणि नोव्हाक जोकोव्हिच यांनीही हीच जोडणी पत्करली. अशा रॅकेटीवर हात फिरवला, तर बोटांना एकीकडे पिंजाऱ्याच्या धनुकलीची तात लागते आणि दुसरीकडे कारखान्यातला तंतू.