साच्यातून निघालेली मोटार : अस्सल म्हणजे काय?

थीसियसच्या जहाजाची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. प्लुटार्क सांगतो, अथेन्सकर त्या जहाजाची कुजलेली फळी काढून नवी बसवत गेले आणि तत्त्वज्ञांना वादाला विषय मिळाला : हे जहाज तेच, की दुसरं? हा वाद आज आपण दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका गॅरेजात नेऊ. काळ १९५० च्या आसपासचा.

युद्ध संपलं होतं. तरुणांना एमजी, जग्वारसारख्या बुटक्या, उघड्या इंग्लिश मोटारी खुणावत होत्या आणि डेट्रॉईट मात्र अवजड कुटुंबवत्सल गाड्या काढत होतं. स्वतःची गाडी घडवावी म्हटलं तर पोलादी पत्रा दाबायला प्रचंड यंत्रं आणि महागडे साचे लागत. ते कुणाला परवडणार? पण युद्धात एक नवं द्रव्य हाताशी आलं होतं, काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिन. विमानांवरच्या रडारची आवरणं त्याची होत. साच्यात तंतूंचं कापड अंथरायचं, रेझिन चोपडायचं, वाळलं की कवच उचलायचं. पेणचा मूर्तिकार साचा वापरतो, तत्त्व तेच.

बिल ट्रिट हा मूळचा होड्या बांधणारा. केनेथ ब्रूक्स या हवाई दलाच्या अधिकाऱ्याकडे जीपची चासी होती आणि बायकोसाठी स्पोर्ट्स कार हवी होती. ट्रिटने तिच्यावर फायबरग्लासचं अंग चढवलं. त्याच साच्यातून पुढे ग्लासपार जी-२ ची कवचं विकली गेली. १९५२ मध्ये 'लाइफ' मासिकाने या प्लॅस्टिकच्या मोटारींवर लेख छापला आणि मोठ्या कंपन्यांचे कान टवकारले. १९५३ मध्ये जनरल मोटर्सची फायबरग्लासची कॉर्व्हेट आली, त्या वर्षी फक्त ३००.

मग बिल डेव्हिन आला. त्याच्या कवचाची किंमत २९५ डॉलर, आणि चासी लहान असो की मोठी, तिच्या मापाचं अंग मिळे! आपण काय विकत घेतलं, हे मात्र नीट बघा. मोटार नव्हे, नुसती आकृती. इंजिन, चाकं, दिवे, तारा हे सगळं गिऱ्हाईकाने जमवायचं. कुणी क्रॉसलेची चासी घेतली, कुणी भंगारातल्या फोर्डची. कित्येकांचा उत्साह अर्ध्यावर आटला आणि कवच तसंच कोठारात पडून राहिलं. फायबरग्लास गंजत नाही, म्हणून खालची चासी खाऊन गेली तरी वरचं अंग टिकलं.

आज संग्राहक त्यांच्याच मागे लागलेत. आणि इथे खरी अडचण येते. जुनी फेरारी दुरुस्त करताना कारखान्याची कागदपत्रं, रंगाचा क्रमांक बघता येतो. या गाड्यांना पूर्ण गाडी बनवणारा कारखानाच नव्हता. कागदोपत्री ती पुष्कळदा १९४० ची फोर्ड, डोळ्यांना दिसते इटालियन, इंजिन शेवरोलेचं. मग 'मूळ स्थितीत आणणे' म्हणजे काय? एखाद्याने आपल्या अंगणात वेड्यावाकड्या हाताने दार कापलं. ते सरळ करायचं का?

आमचं मत विचाराल तर अजिबात नाही. साच्यातून निघालेलं कवच सगळ्यांचं सारखंच. त्या गाडीला 'ही' गाडी केलं ते त्या वाकड्या दाराने. गुळगुळीत करून लिलावात उभी केलेली गाडी देखणी असेल, भावही चांगला येईल, पण कापणाऱ्याचा हात त्यातून गेलेला असतो. थीसियसच्या जहाजाची निदान पहिली फळी कोणती, हे ठाऊक होतं. इथे पहिली फळीच दुसऱ्या गाडीची.

म्हणून जाणते संग्राहक गाडीआधी कागद शोधतात : कवचाची पावती, अंगणात काढलेला फोटो, बांधणाऱ्याच्या मुलीकडची एखादी वही. ते नसेल, तर डॅशबोर्डमागे हात घालून बघतात, भोकं कुणी आणि किती वेळा पाडली ते.