नाकवाली गाडी

केंदूरला लोक जातात ते संत कान्होराज महाराजांच्या समाधीसाठी. गेल्या उन्हाळ्यात मी गेलो ते एका ट्रकसाठी. गावाबाहेरच्या मळ्यात बाभळीखाली एक जुनी टाटा-मर्सिडीज उभी होती, पुढं लांब नाक काढलेली. हौद्यात कडबा रचलेला, बोनेटखाली कोंबडीनं अंडी घातलेली. मालकाचा मुलगा म्हणाला, "भंगारवाला किलोवर मागतोय. तुम्हाला काय हौस करायची ती दिवाळीपर्यंत करा."

सोबत अब्बा होते. चाळीस वर्षं नगर रोडवरच्या गॅरेजांत मिस्त्रीकाम केलेला माणूस. त्यांनी बोनेट उचललं, आत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "इसकू भंगार कौन बोल्या?"

जुन्या मोटारी दुरुस्त करून मिरवणाऱ्यांची आपल्याकडं वाण नाही. पुण्या-मुंबईत त्यांच्या रॅल्या निघतात, फोटो छापून येतात. जुन्या ट्रकच्या वाट्याला हे कौतुक येत नाही. मोटारीत राजे बसले, ट्रकमध्ये ड्रायव्हर आणि किन्नर. इतिहास कुणाचा जपायचा हे तिथंच ठरून गेलं असावं.

या गाडीची जन्मकथा थोडक्यात सांगतो. टेल्को कंपनी १९४५ साली निघाली ती रेल्वेची इंजिनं बनवायला. १९५४ मध्ये तिनं जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरहून ट्रक बाहेर पडू लागले. त्याआधी आपल्या रस्त्यांवर विलायती गाड्यांची खिचडी होती. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती, वालचंद हिराचंदांची प्रीमियर कुर्ल्याला डॉज आणि फार्गो काढत होती. १ जून १९४८ ला पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला निघालेली पहिली एसटी बेडफर्ड होती, लाकडी बॉडीची. शिक्रापूरवरून गेली, म्हणजे केंदूरपासून हाकेच्या अंतरावरून. पुढं टाटा-मर्सिडीजच्या सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनानं चित्रच पालटलं. १९६९ ला करार संपला, जाळीवरचा तीन टोकांचा तारा गेला, तिथं इंग्रजी टी आला.

आमच्या गाडीच्या जाळीवर ना तारा, ना टी. नुसती भोकं. मग वय कसं ओळखायचं? अब्बांनी इंजिनाच्या हेडवर बोट ठेवलं. तिथं ग्लो प्लग होते. जुन्या इंजिनात डिझेल आधी एका छोट्या खोलीत पेटायचं आणि थंडीत ती खोली तापवायला हे प्लग लागायचे. टाटांनी १९७१ मध्ये थेट सिलिंडरमध्ये डिझेल उडवणारी इंजिनं आणली, तेव्हा त्यांची गरज सरली. अर्थात इंजिन बदललेलंही असू शकतं. शेवटी पत्र्याच्या पेटीत आरसी बुक सापडलं. नोंदणी १९६७ ची.

विषय निघालाच आहे तर एक आठवण. आज जिला आपण महिंद्रा अँड महिंद्रा म्हणतो ती कंपनी १९४५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद होतं. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये पाटीवरचं नाव बदललं. मोटारधंद्यात मुसलमानाचं नाव पाटीवर फार टिकलं नाही. गॅरेजमध्ये, गाडीखाली मात्र तो टिकला. आमचंच घर बघा. दादा बैलांना नाल मारायचे. बैल कमी झाले, तसे अब्बा बारा वर्षांचे असताना उस्तादाच्या हाताखाली गेले. नालबंद, शिकलगार अशा आडनावांच्या कितीतरी घरांत लोखंडाशी असलेलं नातं असंच ऐरणीवरून पान्यावर आलं असेल.

कायद्याचं बघायला गेलो तर गंमत कळली. जुलै २०२१ पासून व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आहे. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ स्वरूपात जपलेली, नंबरात 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. पण हे दुचाकीला आणि माणसं नेणाऱ्या खासगी मोटारीला. मालवाहू गाडी त्या व्याख्येतच नाही. सत्तावन्न वर्षांची मोटार वारसा ठरते आणि सत्तावन्न वर्षांचा ट्रक भंगार.

शिवाय मूळ स्वरूप म्हणजे काय? तेव्हा ट्रक पुरा मिळायचाच नाही. कारखान्यातून चासी यायची, पुढं इंजिन आणि नाक. उघड्या चासीवर बसून, डोक्याला फडकं गुंडाळून ड्रायव्हर ती आणायचा. केबिन, हौदा, फाळका हे सगळं बॉडीवाला सुतार बांधायचा, रंगारी वर वेलबुट्टी काढायचा. त्यामुळं एक ट्रक दुसऱ्यासारखा नसे. आमच्या गाडीच्या केबिनची लाकडी चौकट कुणा कारागिराची आहे, त्याचं नाव कुठंही नाही. ती कुजली म्हणून नवी करायची की जोड देऊन तीच ठेवायची, यावर आम्हा बापलेकांत दोन दिवस वाद झाला. जोड द्यायचं ठरलं. माझं मत पडलं, अब्बा अजून नाराज आहेत.

इंजिन जाम होतं. इंजेक्टर काढून सहाही सिलिंडरांत डिझेल आणि ऑइल ओतून ठेवलं. स्टार्टर उतरवला आणि त्या जागेतून पहार घालून फ्लायव्हीलच्या दात्यांना रोज थोडा रेटा दिला. जोर करायचा नाही, ही अब्बांची सक्त ताकीद. पिस्टनची रिंग तुटली तर ती आणायची कुठून? पूर्वी असा नग चिखलीच्या कुदळवाडीत शोधला असता. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथली हजारो शेड पाडली गेली आणि कुठला नग कुणाकडं पडलाय हे तोंडपाठ असणारी माणसंही पांगली. आता रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात फिरतो. वॉशर, पाने, एकदा हॉर्नचा भोपू मिळाला. बाकी लेथवर करून घेतो. शेजारच्या पाबळला कलबाग सरांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला तो हातानं काम करत शिकण्यासाठीच. त्याच पाबळला मस्तानीची कबर आहे. येता-जाता फातिहा पढून पुढं जातो.

अकराव्या दिवशी फ्लायव्हील दोन दात सरकलं. अब्बांनी बिस्मिल्ला म्हणून पुन्हा पहार लावली आणि इंजिन पाव फेरा फिरलं. मालकाचे वडील बाजेवर बसून बघत होते. याच गाडीतून त्यांनी वर्षानुवर्षं कांदा मुंबईला नेला. ते उठले, काठी कडब्याला टेकवली, अब्बांच्या खांद्याचा आधार घेत केबिनमध्ये चढले. सीटला गादी नव्हती, नुसत्या फळीवर बसले. डावा पाय क्लचवर गेला.

"खोपोलीला उतरताना दुसरा गिअर," ते म्हणाले. मुलगा लांब उभा होता. त्या दिवशी त्यानं भंगारवाल्याचा विषय काढला नाही.