स्त्री कैदी आणि तुरुंग सुधारणा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
तुरुंग हा समाजाच्या नजरेआड राहणारा घटक आहे आणि तुरुंगातील स्त्री ही त्याहूनही अधिक नजरेआड राहिली आहे. भारतातील एकूण कैद्यांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे ४ टक्के आहे. संख्या अल्प म्हणून त्यांच्या गरजाही दुय्यम मानल्या गेल्या. स्त्री कैद्यांच्या संरक्षणाची कल्पना वेगळ्या भिंतीपासून बाह्य देखरेखीपर्यंत कशी विकसित झाली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

वसाहतकालीन पार्श्वभूमी :
१८९४ च्या तुरुंग अधिनियमातील कलम २७ नुसार स्त्रियांना स्वतंत्र इमारतीत किंवा त्याच इमारतीच्या स्वतंत्र भागात ठेवणे बंधनकारक झाले. पुरुष कैद्यांशी त्यांची दृष्टिभेटही होऊ नये, संभाषणही घडू नये, असा त्यामागील हेतू होता. फटके व बेड्या या शिक्षांतूनही त्यांना वगळण्यात आले. त्या काळाच्या मानाने या तरतुदी महत्त्वाच्या होत्या. तथापि ‘स्वतंत्र भाग’ म्हणजे व्यवहारात अनेकदा पुरुषांच्या तुरुंगातील एक कोपरा ठरला. पुरुषांना डोळ्यांपुढे ठेवून उभारलेल्या रुग्णालय, उद्योगशाळा यांसारख्या सोयी भिंतीपलीकडे राहिल्या. ज्या भिंतीने संरक्षण दिले, तिनेच वंचितताही निर्माण केली.

शीला बर्से खटला :
ही भिंत न्यायालयाच्या नजरेस आणून दिली ती एका पत्राने. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबई मध्यवर्ती कारागृहातील १५ स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी ५ जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बर्से यांचे पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून स्वीकारले. निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालकांना कारागृहास भेट देऊन अहवाल देण्यास सांगण्यात आले. १९८३ च्या निकालात स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या, महिला पोलिसांचा पहारा, स्त्री अधिकाऱ्यांच्या उपस्थितीतच चौकशी, विधी साहाय्य आणि न्यायाधीशांच्या अचानक भेटी असे निर्देश देण्यात आले. बंद दाराआड बाहेरची नजर पोहोचली पाहिजे, हे तत्त्व येथे मान्य झाले.

समित्या व न्यायनिर्णय :
न्या. मुल्ला समितीने (१९८०-८३) तुरुंग व्यवस्थेचा व्यापक आढावा घेतला. न्या. कृष्ण अय्यर समितीने (१९८६-८७) केवळ स्त्री कैद्यांच्या प्रश्नांचा अभ्यास केला. २००६ च्या आर. डी. उपाध्याय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना मातेसोबत राहण्याची मुभा मान्य करून त्यांचा आहार, आरोग्य व पाळणाघर यांविषयी निर्देश दिले. शक्यतो प्रसूती तुरुंगाबाहेर व्हावी आणि जन्मदाखल्यात तुरुंगाचा उल्लेख नसावा, असेही सांगितले.

मात्र शिफारशी आणि अंमलबजावणी यांतील अंतर कायम राहिले. जून २०१७ मध्ये मुंबईच्या भायखळा महिला कारागृहात एका स्त्री कैद्याचा मृत्यू झाला व कारागृहातील महिला कर्मचाऱ्यांवरच खुनाचा गुन्हा नोंदविण्यात आला. स्वतंत्र कारागृह व स्त्री कर्मचारी एवढ्याने सुरक्षितता येत नाही, असा प्रश्न या घटनेने उभा केला.

निष्कर्ष :
कायद्याने प्रथम स्त्रीला पुरुषापासून वेगळे केले. तिला कारागृह प्रशासनाच्या अनिर्बंध सत्तेपासून सुरक्षित करण्याचे कार्य अद्याप अपूर्ण आहे. स्वतंत्र निरीक्षकांच्या नियमित भेटी, तत्पर विधी साहाय्य, स्त्री वैद्यकीय अधिकारी आणि सुटकेनंतरचे पुनर्वसन यांची हमी मिळाल्याखेरीज ही सुधारणा कागदावरच राहील. शिक्षा स्वातंत्र्य हिरावते. प्रतिष्ठा हिरावण्याचा अधिकार तिला नाही.