लाल-काळे कपडे आणि भिंतीतली कपाटं

येत्या जूनमध्ये पुण्याला परत जायचं आमचं ठरलं, तेव्हा 13 वर्षांच्या कन्येचा पहिला प्रश्न युनिफॉर्मचा होता. इथल्या शाळांत गणवेश नाही, हे आपण सगळे जाणतोच. "सगळ्या मुली सारख्याच दिसणार, मग त्यातली मी कोणती हे कसं कळणार?" मी म्हटलं, "अगं, चेहऱ्यावरून!" हे उत्तर तिला पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

मग मी तिला ॲम्स्टरडॅमच्या अनाथ मुलांची आठवण करून दिली. 2021 मध्ये राजघराण्याची सोनेरी बग्गी बघायला आम्ही ॲम्स्टरडॅम म्युझियममध्ये गेलो होतो. काल्व्हरस्ट्राटवरची ती इमारत 1580 पासून 1960 पर्यंत शहराचा अनाथाश्रम होती, ब्युर्खरवेसहाउस. 1975 मध्ये तिथे म्युझियम आलं आणि 2022 मध्ये ते नूतनीकरणासाठी बंद झालं. या आश्रमात ज्यांचे आईवडील शहराचे रीतसर नागरिक होते, अशा मुलांना घेत. अगदी गरिबांच्या मुलांसाठी वेगळी संस्था होती. म्हणजे अनाथांमध्येसुद्धा वर्गवारी होतीच!

या मुलांचा पोशाख अर्धा लाल, अर्धा काळा असे, आणि तोही उभा विभागलेला: एक बाजू लाल, दुसरी काळी. हे शहराचे रंग. मुलींना वर पांढरी टोपी आणि पांढरा एप्रन. असं मूल बाजारात निघालं की लांबूनच कळायचं, हे आश्रमाचं. त्याने कुठे गुत्त्यात शिरायचं म्हटलं तरी सोय नाही! आपल्याकडे गणवेश का, तर श्रीमंत कोण आणि गरीब कोण हे कळू नये म्हणून. इथे नेमकं उलटं.

चित्रकारांना मात्र हे रंग फार आवडले. माक्स लीबरमान या जर्मन चित्रकाराने 1881-82 मध्ये आश्रमाच्या अंगणातल्या मुली रंगवल्या, आणि निकोलास फान डर वाय यांनी तर त्यांची कितीतरी चित्रं काढली. चित्रात तो पोशाख सुंदरच दिसतो. घालणाऱ्या मुलीला काय वाटत होतं, ते चित्र सांगत नाही. अखेर 1919 मध्ये तो बंद झाला.

म्युझियममध्ये माझ्या लक्षात राहिली ती मुलांच्या अंगणातली भिंतीतली लाकडी कपाटं. मुलगे शहरातल्या कारागिरांकडे काम शिकायला जात आणि आपली हत्यारं त्या कपाटांत ठेवत. अंगावरचं सगळं सारखं, पण सुताराचा रंधा ठेवायची जागा ज्याची त्याची. मुलींच्या हाती शिवणकाम. 1898 मध्ये शहराने राणी विल्हेल्मिनाला भेट दिलेल्या त्या सोनेरी बग्गीतलं भरतकाम याच आश्रमातल्या मुलींनी केलं होतं. हे सांगितल्यावर कन्या म्हणाली, "पण त्यांची नावं तर कुठेच नव्हती." बरोबर आहे तिचं.

आमच्या शाळेत सातवीपर्यंत खाकी हाफ पँट आणि पांढरा शर्ट. आम्हीही आपलं 'कपाट' शोधायचोच. कुणी कॉलर वर करायचा, कुणी बाह्या दोन घड्या जास्त दुमडायचा, तर कुणी शनिवारच्या पीटीच्या कॅनव्हास बुटांना खडू फासून चकाचक करायचा. मुली रिबिनीच्या फुलांचा आकार बदलायच्या. बाई ओरडल्या की सगळं पूर्ववत, दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू. माझ्या बाकावरच्या मित्राकडे एकच युनिफॉर्म होता. त्याची आई तो रोज रात्री धुवायची. हे मला सहावीत कळलं, तेही एका पावसाळ्यात तो ओल्या शर्टाने वर्गात येऊन बसला म्हणून. तोवर दोन वर्षं आम्ही शेजारी बसत होतो!

ही गोष्टही मी कन्येला सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझ्या वर्गात कुणाचे बूट कुठल्या ब्रँडचे, ते पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळतं."

असो. पुण्याच्या शाळेने नियमांचं पत्रक पाठवलं आहे: काळे बूट, पांढरे मोजे, निळ्या रिबिनी, नेलपॉलिश नाही. कन्येने ते दोनदा नीट वाचलं आणि विचारलं, "दप्तराबद्दल काही लिहिलं नाहीये ना?" लिहिलेलं नव्हतं. सध्या ती जुन्या जीन्सच्या तुकड्यांचं दप्तर शिवते आहे. आजीला रोज व्हिडिओ कॉल करून टाके विचारणं चालू आहे.