स्प्रेडशीट मॅक्रो : एक्सेलबाहेरचा वापर

स्प्रेडशीटमध्ये रोज त्याच क्रमाने कराव्या लागणाऱ्या क्रिया आज्ञांच्या रूपात एकदा लिहून ठेवायच्या आणि नंतर एका बटणावर चालवायच्या, अशा आज्ञासंचाला मॅक्रो म्हणतात. प्रचारातले बहुतेक मॅक्रो मायक्रोसॉफ्ट एक्सेलमध्ये, व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स (व्हीबीए) या भाषेत लिहिलेले आहेत. परवान्याचा खर्च टाळण्यासाठी किंवा संगणक लिनक्सवर नेल्यामुळे तीच फाईल लिबरऑफिस कॅल्क, ओन्लीऑफिस किंवा गूगल शीट्समध्ये उघडावी लागते. तेव्हा आकडे आणि सूत्रे बहुधा नीट येतात. मॅक्रो मात्र मूळ प्रणालीच्या अंतर्गत रचनेला बांधलेला असतो आणि नव्या ठिकाणी तो चालेल की अडेल हे तो कसा लिहिला आहे यावर ठरते.

वापराचे स्वरूप : जुन्नर तालुका कृषी उत्पन्न बाजार समितीचा नारायणगाव उपबाजार टोमॅटोसाठी राज्यभर ओळखला जातो. पुणे–नाशिक महामार्गावरच्या या बाजारात जुन्नर-आंबेगावसह आसपासच्या तालुक्यांतला माल येतो आणि भाव २० किलोच्या क्रेटवर बोलला जातो. जुलै २०२३ मध्ये हा भाव क्रेटमागे २,००० रुपयांच्या वर गेला होता. मंदीत तोच भाव काढणीचा खर्चही भागवत नाही. अशा बाजारातली हिशेबपट्टी हे मॅक्रोच्या कामाचे चांगले उदाहरण आहे. शेतकऱ्याचे नाव, गाव, क्रेटची संख्या, प्रत, भाव, हमाली, आधी घेतलेली उचल आणि निव्वळ देय रक्कम एवढ्या गोष्टी तिच्यात येतात. दिवसभराच्या नोंदी एका शीटवर एकाखाली एक भरल्या जातात. मॅक्रो त्यांतली एकेक ओळ उचलतो, पट्टीच्या नमुन्यात बसवतो, रक्कम अक्षरी लिहितो, पट्टीला पुढचा क्रमांक देतो, छापतो आणि त्या ओळीपुढे ‘पट्टी झाली’ अशी खूण करतो. हे हाताने करता येते, पण लिलाव आटोपल्यावर शेतकरी गाडी सुरू करून उभा असतो, आणि घाईत एका ओळीची उचल दुसऱ्याच्या पट्टीत गेली तर तंटा होतो.

शाळांमध्येही हाच प्रकार आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० पासून लागू झाल्यावर शिक्षकांनी स्वतः तयार केलेल्या निकालपत्रकांच्या एक्सेल फाईली हातोहात पसरल्या. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम २००१ मध्ये सुरू झाला आणि गावोगावच्या केंद्रांतून अनेकांना स्प्रेडशीटची पहिली ओळख एक्सेलच्याच रूपात झाली. त्यामुळे मॅक्रो म्हणजे व्हीबीए हे समीकरण ग्रामीण कार्यालयांत पक्के आहे.

पार्श्वभूमी : व्हीबीए १९९३ मध्ये एक्सेल ५ बरोबर आले. त्याआधी मॅक्रो वेगळ्या मॅक्रो-शीटवर सूत्रांसारखे लिहिले जात. दुसऱ्या बाजूला स्टारऑफिस ही जर्मन कंपनीची प्रणाली सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये विकत घेतली आणि तिचा स्रोत पुढच्या वर्षी खुला केला. त्यातून ओपनऑफिस डॉट ऑर्ग निर्माण झाले आणि सप्टेंबर २०१० मध्ये त्यातून लिबरऑफिस वेगळे झाले. या घराण्याची स्वतःची बेसिक भाषा होती. तिचे व्याकरण व्हीबीएसारखे असले तरी शीट, सेल आणि फाईल यांना हात घालण्याची तिची पद्धत, म्हणजे यूनो, पूर्ण निराळी. नॉव्हेलच्या पुढाकाराने चाललेल्या गो-ओओ या शाखेत व्हीबीए थेट समजून घेण्याची सोय आधी विकसित झाली आणि पुढे ती लिबरऑफिसमध्ये आली. भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. सी-डॅकच्या बॉस लिनक्समध्येही लिबरऑफिस सोबतच मिळते. त्यामुळे जुन्या मॅक्रोंचा प्रश्न सरकारी कार्यालयांनाही लागू होतो.

कॅल्कमध्ये व्हीबीए कसे चालते : ‘एक्सएलएसएम’ फाईल ही प्रत्यक्षात झिप संचिका असते आणि तिच्यात ‘व्हीबीए प्रोजेक्ट’ नावाच्या वेगळ्या भागात मॅक्रो असतो. ‘एक्सएलएसएक्स’मध्ये मॅक्रो राहतच नाही, पुष्कळदा मॅक्रो ‘हरवला’ असे वाटते ते फाईल या प्रकारात साठवल्यामुळे. कॅल्क फाईल उघडताना तो भाग वाचते आणि प्रत्येक मॉड्यूलच्या वर ‘ऑप्शन व्हीबीएसपोर्ट १’ ही ओळ घालते. ही ओळ असेपर्यंत ‘रेंज’, ‘सेल्स’, ‘वर्कशीट्स’ हे शब्द कॅल्कला एक्सेलच्या अर्थाने कळतात. त्यासाठी ऑप्शन्समधल्या लोड-सेव्ह विभागात व्हीबीए वाचण्याची आणि चालवण्याची खूण असावी लागते. कॅल्कमध्ये केलेली दुरुस्ती मूळ व्हीबीएत परत जाईलच याची खात्री धरू नये. बदल करायचे ठरले की फाईल ‘ओडीएस’ प्रकारात साठवावी आणि एक्सेलची मूळ प्रत बाजूला तशीच ठेवावी.

सेल वाचणे-लिहिणे, ओळींवरून फिरणे, अटी तपासणे, संदेशाची चौकट दाखवणे, वापरकर्त्याकडून आकडा मागणे ही कामे सहसा विनातक्रार होतात. वर सांगितलेल्या पट्टीच्या मॅक्रोचा बराचसा भाग एवढाच आहे. फॉर्मची खिडकी, पिव्होट तक्ते, आलेख आणि आकृत्या यांच्याबाबत निम्मेशिम्मे यश मिळते. ॲक्टिव्हएक्स बटणे, विंडोजच्या अंतर्गत सुविधांना थेट हाक मारणाऱ्या आज्ञा आणि आउटलुकमधून मेल पाठवणे हे लिनक्सवर चालतच नाही. फाईलच्या पत्त्याचाही घोळ होतो. ‘सी’ ड्राइव्ह आणि उलटी तिरकी रेघ लिनक्सवर नसते, शिवाय तिथे रोमन लिपीतल्या नावांत मोठे आणि छोटे अक्षर वेगळे धरले जाते. मॅक्रोत पत्ता ठोकून लिहिलेला असेल तर एवढ्या एका कारणाने सगळे काम थांबते. पत्ता एखाद्या सेलमध्ये ठेवला तर तेवढाच बदलावा लागतो.

दराचेही तसेच आहे. राज्य सरकारने जुलै २०१६ मध्ये फळे-भाजीपाला नियमनमुक्त केला आणि आडत (आडत्याचे कमिशन) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरवले. ज्या मॅक्रोंत आडतीचा दर मजकुरातच लिहिलेला असतो, तिथे अशा निर्णयानंतर मॅक्रो उघडून दुरुस्त करण्यावाचून मार्ग राहत नाही. दर सेलमध्ये असेल तर तो शून्य केला की भागते. स्थलांतर सोपे होण्यासाठी आधी करायचे सर्वांत मोलाचे काम हेच आहे. जे गणित सूत्राने होऊ शकते ते मॅक्रोतून काढून सूत्रात टाकावे, कारण सूत्रे जवळपास सर्व प्रणालींत सारखी चालतात.

देवनागरी : मराठी फाईलींची एक अडचण परक्या मार्गदर्शकांत सहसा आढळत नाही. एक्सेलमधला व्हीबीए लिहिण्याचा संपादक युनिकोडपूर्व काळातला आहे आणि त्यात देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. त्यामुळे अक्षरी रकमेच्या शेवटी ‘रुपये’ लिहायचे तर मराठी मॅक्रोकाराला ते युनिकोड क्रमांकांनी रचावे लागते: २३५२ म्हणजे र, २३६९ म्हणजे उकार, मग प साठी २३४६, य साठी २३५१ आणि मात्रेसाठी २३७५. हे पाच क्रमांक ‘सीएचआरडब्ल्यू’ या फंक्शनने जोडले की शब्द होतो. एक ते नव्याण्णव या संख्यांची मराठी नावे नियमाने तयार होत नसल्याने ती सगळी साठवावी लागतात. म्हणून जाणकार ती मॅक्रोत न लिहिता एका लपवलेल्या शीटवर ठेवतात आणि तिथून उचलतात. ‘नोंद’ असे शीटचे नावही व्हीबीएत थेट लिहिता येत नाही. कॅल्कच्या संपादकात देवनागरी सरळ टाईप होते, आणि व्हीबीएसपोर्टच्या ओळीमुळे ‘सीएचआरडब्ल्यू’ची जुनी रचनाही चालते. मराठीसाठी ही कॅल्कची खरी जमेची बाजू आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये भरलेली नावे मात्र त्या फॉन्टशिवाय रोमन अक्षरांच्या गिचमिडीसारखी दिसतात. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात.

आकड्यांतले धोके : मॅक्रो न अडता चालला म्हणजे बरोबर चालला असे नाही. एक्सेलच्या व्हीबीएतले ‘राउंड’ २.५ ला २ करते, कारण ते अर्धा आल्यास जवळच्या सम संख्येकडे झुकते. शीटवरचे ‘राउंड’ त्याच आकड्याचे ३ करते. पट्टी मॅक्रोने आणि दिवसाची बेरीज सूत्राने काढली तर दोन्हींत रुपयाचा फरक पडू शकतो, म्हणून सगळीकडे शीटचेच ‘राउंड’ वापरावे. दुसरा धोका ‘इंटिजर’चा. व्हीबीए आणि कॅल्कची बेसिक या दोन्हींत हा प्रकार ३२,७६७ पर्यंतच मोजतो. ओळींचा क्रमांक त्यात ठेवलेला असेल तर हंगामाच्या नोंदी त्यापुढे जाताच मॅक्रो कोसळतो. त्याजागी ‘लाँग’ हवा. तिसरा धोका तारखेचा. ०५/०७/२०२३ ही तारीख भाषा-प्रदेश भारत असेल तर ५ जुलै होते, अमेरिका असेल तर ७ मे. नवा संगणक बसवल्यावर ही मांडणी सर्वांत आधी पाहावी.

सुरक्षा : मॅक्रो फाईलबरोबर प्रवास करतो, म्हणून विषाणूंचाही तो वाहक ठरला. एक्सेलमधला लारू १९९६ मध्ये आणि ईमेलने पसरणारा मेलिसा १९९९ मध्ये गाजला. मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाईलींतले मॅक्रो आपोआप अडवायला सुरुवात केली. लिबरऑफिसमध्ये सुरक्षेचे चार स्तर आहेत आणि मूळ मांडणी ‘हाय’ असते, त्यामुळे सही नसलेला मॅक्रो बंद राहतो आणि बटण दाबूनही काही होत नाही. अशा वेळी स्तर ‘लो’ करण्याची सवय घातक आहे. विश्वासातली जागा म्हणून एक फोल्डर नोंदवून पट्टीची फाईल त्यात ठेवली तर काम होते आणि व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाईलींसाठी दार बंदच राहते.

नव्याने लिहिणे : फाईल दीर्घकाळ कॅल्कमध्येच वापरायची असेल तर मॅक्रो यूनोच्या पद्धतीने लिहिणे अधिक भरवशाचे. लिबरऑफिसमध्ये बेसिकखेरीज पायथॉनही वापरता येते. इथे एक फरक सतत नडतो. व्हीबीएत ‘सेल्स (२, ५)’ म्हणजे दुसरी ओळ, पाचवा स्तंभ. यूनोत तोच सेल ‘गेटसेलबायपोझिशन (४, १)’ ने मिळतो, कारण तिथे स्तंभ आधी येतो आणि मोजणी शून्यापासून होते. हा उलटा क्रम विसरला तर भावाच्या जागी भलताच आकडा उचलला जातो आणि चूक झाल्याचा इशाराही मिळत नाही. नोंदी हजारांत असतील तर सेल एकेक करून न वाचता सगळा पट्टा ‘गेटडेटाॲरे’ने एकदम घ्यावा, वेगात मोठा फरक पडतो. कॅल्कचा मॅक्रो रेकॉर्डर आधी प्रगत पर्यायांतून सुरू करावा लागतो आणि तो मेनूच्या आज्ञाच नोंदवतो, त्यामुळे त्याची नोंद शिकायला एक्सेलच्या रेकॉर्डरइतकी उपयोगी पडत नाही.

इतर प्रणाली : ओन्लीऑफिसमध्ये मॅक्रो जावास्क्रिप्टमध्ये लिहावे लागतात, म्हणजे व्हीबीए तिथे नव्याने लिहिण्याशिवाय इलाज नाही. गूगल शीट्सची ॲप्स स्क्रिप्ट हीसुद्धा जावास्क्रिप्टच. ती गूगलच्या सर्व्हरवर चालते आणि एका वेळी साधारण सहा मिनिटांची मर्यादा असते. बाजाराच्या आवारात मोबाईलवर नोंद करायची असेल तर ती सर्व्हरवर चालते हा मुद्दा निर्णायक ठरतो. मोबाईलवरच्या आणि ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये व्हीबीए चालत नाही, तर गूगल शीट्समध्ये सेल बदलल्यावर आपोआप चालणारी स्क्रिप्ट मोबाईलवरच्या नोंदीलाही लागू होते. मात्र तिला इंटरनेटची साथ हवी.

बदल पडताळण्याची रीत सरळ आहे. एका बाजारदिवसाच्या त्याच नोंदी जुन्या आणि नव्या प्रणालीत चालवायच्या आणि दोन्हींकडचे पट्टी क्रमांक, प्रत्येक पट्टीची निव्वळ रक्कम आणि दिवसाची एकूण बेरीज ताडून पाहायची. त्या नोंदींत एक उचल रकमेपेक्षा जास्त असलेली, एक शून्य भावाची आणि एक पन्नास पैसे येणारी ओळ मुद्दाम घालावी. मॅक्रोतल्या चुका बहुधा अशाच ओळींवर उघड्या पडतात.