मतपेटीतले मौन

निवडणुकीच्या आदल्या दिवशी आम्हां प्राध्यापकांच्या हाती जे 'साहित्य' सोपवले जाते, त्यात मतदारयादी, शाई, लाख, मोहोर आणि पुठ्ठ्याचा मतदानकक्ष असतो. वर्गात शिकवल्या जाणाऱ्या साहित्याशी त्याचे नाते केवळ नामसाधर्म्याचे. तरीही तो पुठ्ठ्याचा आडोसा आम्हांला दरवेळी विचारात पाडतो. एका माणसाला क्षणभर सर्वांच्या नजरेआड उभे राहता यावे, यासाठी केवढी यंत्रणा उभी राहते! या आडोशाचा इतिहास पाहू लागलो, की तो मतदाराच्या सुरक्षिततेचाच इतिहास आहे, असे ध्यानात येते.

इंग्लंडमध्ये १८७२ पर्यंत मतदान उघडपणे होत असे. मतदाराने आपल्या उमेदवाराचे नाव चारचौघांत उच्चारायचे. पुढे कोणी कोणाला मत दिले याच्या पुस्तिकाही छापल्या जात. जमीनदाराच्या कुळाला मताचे स्वातंत्र्य किती उरत असेल, हे सांगायला नको. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी १८५६ मध्ये गुप्त मतदान स्वीकारले. ब्रिटिश संसदेने तसा कायदा १८७२ मध्ये केला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पाँटिफ्रॅक्टच्या पोटनिवडणुकीत तो प्रथम अमलात आला. जॉन स्टुअर्ट मिलसारखा स्वातंत्र्याचा भाष्यकार मात्र गुप्ततेच्या विरोधात होता. मत हे सार्वजनिक कर्तव्य असल्याने ते लोकांच्या नजरेसमोर बजावले जावे, ही त्याची भूमिका. ती उदात्त खरी. परंतु नजर ठेवणाऱ्याच्या हाती मतदाराची भाकरी असेल, तर त्या उदात्ततेचे मोल मतदारालाच चुकवावे लागते.

स्वतंत्र भारताने ही गुप्तता पहिल्यापासून स्वीकारली. १९५१-५२ च्या निवडणुकीत सतरा कोटींहून अधिक मतदार होते आणि त्यांतील बहुसंख्य निरक्षर. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या काळातील या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची चिन्हांकित पेटी आडोशाआड ठेवलेली असे. कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. यात एक उणीव होती. मतपत्रिका पेटीत न टाकता बाहेर नेऊन विकता येई. मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत देशभर रूढ झाली, ती या अनुभवानंतर.

पण आडोसा बळापुढे टिकत नाही. बिहारमधील बेगुसराय जिल्ह्यातल्या रचियाही गावी १९५७ मध्ये मतदान केंद्र बळकावल्याची घटना देशातील पहिली मानली जाते. पुढे हा रोग इतका पसरला, की १९८९ मध्ये कायद्यात त्यासाठी स्वतंत्र गुन्हा घालावा लागला. मतदान यंत्राने या बळाचा वेग मोडला. मिनिटाला चार-पाचच मते नोंदवणारे यंत्र आणि ते बंद करण्याची केंद्राध्यक्षाच्या हातातली कळ, हे कर्मचाऱ्याचेही संरक्षण ठरले.

मात्र याच यंत्राने एक जुने संरक्षण हिरावून घेतले. मतदारांवर सूड उगवला जाण्याची भीती असेल, तेथे अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची तरतूद नियमांत होती. यंत्रातील मते केंद्रनिहाय मोजली जातात. एकाच केंद्राच्या लहान गावात व्यक्तीचे मत गुप्त राहते, गावाचे राहत नाही. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारे 'टोटलायझर' वापरावे, असे निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवले. विधी आयोगानेही २०१५ मध्ये त्याची शिफारस केली. सरकारने मात्र पुढे त्यास विरोध दर्शवला. केंद्रनिहाय आकड्यांतून गैरप्रकार उघडकीस येतात, हा या पद्धतीच्या बाजूचा युक्तिवादही पोकळ नाही. पारदर्शकता आणि गुप्तता यांचा हा मिलच्या काळातलाच वाद आहे. फक्त व्यक्तीच्या जागी गाव आले.

एका वस्तीवरच्या केंद्रावर एका वृद्धेने शाई लावून घेताना आम्हांला हळूच विचारले होते, "मास्तर, कुनाला दिलं ते कळत न्हाई न्हवं?" आम्ही म्हणालो, "नाही आजी, कुणालाच कळत नाही." नियमांनुसार उत्तर बिनचूक होते. मतमोजणीच्या दिवशी त्या वस्तीचा आकडा आम्ही वाचला, तेव्हा ते अपुरे होते हे उमगले. आजींनी 'मी' म्हटले नव्हते, हे आम्हां भाषेच्या शिक्षकांच्या तेव्हा ध्यानातच आले नाही.